शुक्रवारचे फोन

विद्या,

तुझ्या नंबरवरून मिस्ड कॉल आला तेव्हा मी आपल्या मुसफ्फ्याच्या क्लिनिकमध्ये होतो. पुण्याहून तू एक रिंग द्यायचास आणि मी इथून, दुबईहून, फोन कार्डावरून उलटा फोन करायचो, असं आपलं ठरलेलं होतं. पण ते शुक्रवारी. त्या दिवशी मंगळवार होता. मला वाटलं, तुला मध्येच काहीतरी आठवलं असेल. मी जिन्यात आलो, कार्डाचे आकडे दाबले आणि पलीकडून फोन उचलल्याबरोबर म्हणालो, "बोल रे, काय सापडलं?"

"अंकल, धिस इज ईशा. बाबा पास्ड अवे. धिस मॉर्निंग."

तुझी लेक दुबईत वाढली. बाप गेल्याचंही तिला इंग्रजीतच सांगता आलं. मी तिला काय म्हणालो ते नीट आठवत नाही. बहुधा "ओके" म्हणालो. सर्व्हर बंद पडल्याचं कुणी सांगितलं की म्हणतो, तसं.

चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी पोचलो. परत येऊनही आता आठवडा झाला. तिथे शुभदावहिनी मला जे म्हणाल्या ते तुला कळायला हवं, म्हणून लिहायला बसलोय. पण ते सांगण्याआधी मला माझं सांगावं लागेल. गेली दोन वर्षं दर शुक्रवारी ते माझ्या जिभेवर यायचं आणि मी ते गिळून टाकायचो.

आपलं काम काय, हे तू लोकांना किती सोपं करून सांगायचास. मुसफ्फ्याच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं होतं, "हे मिडलवेअर म्हणजे नेमकं काय?" तू म्हणालास, "घरात दोघांचं बोलणं बंद असतं ना, तेव्हा तिसरं कुणीतरी इकडचा निरोप तिकडे सांगतं. ते आम्ही. लॅबचं मशीन एक भाषा बोलतं, तुमचा स्क्रीन दुसरी. मधला निरोप्या गप्प झाला तर दोघांनाही वाटतं की समोरच्याला काही सांगायचंच नाहीये." बाई हसल्या. तू हसला नाहीस. तुझ्या दृष्टीने तो विनोद नव्हता.

दोन हजार आठच्या दिवाळीच्या आसपास त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचं पत्र आलं. आपली आवृत्ती पाचवी. वर्षभराने तिचा सपोर्ट बंद. त्यानंतर काही बिघडलं तर ज्याचं त्याने बघायचं. असली पत्रं मी वाचून फाइलमध्ये टाकतो. तू ते छापून भिंतीवर लावलंस आणि दुसऱ्या दिवसापासून यादी करायला घेतलीस. कोणतं मशीन कुठे जोडलंय, कोणता निरोप कुठून कुठे जातो. कागदावर आपल्याकडे एकतीस जोडण्या होत्या. तुझा कागदावर विश्वास नव्हता. "चल, बघून येऊ," म्हणालास, आणि तुझ्या गाडीत बसून आपण एकेक क्लिनिक पालथं घातलं. मुसफ्फ्याला रिसेप्शनच्या टेबलाखाली एक धूळ खात पडलेला कॉम्प्युटर निघाला. त्यावर चिकटपट्टीने कागद लावलेला, 'बंद करू नये'. कुणी लावला, कुणाला माहीत नव्हतं. त्याच्यातून रोज सगळ्या क्लिनिकचे क्ष-किरणाचे निरोप जात होते. तू जमिनीवर मांडी घालून त्याच्यासमोर तासभर बसलास. येताना गाडीत एवढंच म्हणालास, "बत्तीस."

आणि मग आपला वाद सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही. तुझं म्हणणं, पाचवरून आधी सहावर जायचं, काही महिने थांबायचं, सगळं स्थिर झालं की सातवर. माझं म्हणणं, एकदाच काय ते सातवर जाऊ. सहाचाही सपोर्ट दोन-तीन वर्षांत संपणार, मग पुन्हा हीच कटकट कशाला?

"जुने निरोप सात नंबरला वाचता येत नाहीत, पाटणकर. मध्ये सहा लागतोच."

"मग एकाच दिवशी दोन्ही करू."

"आणि काही फसलं तर कोणत्या पायरीवर फसलं ते कसं कळणार? पेशंट बसलेला असतो रे समोर. तू नवं करायच्या मागे आहेस. आधी आहे ते जिवंत ठेव."

मी चिडायचो. मी टीम लीड होतो, माझ्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. पण या कामातलं खरं ज्ञान तुझ्याकडे होतं, आणि हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. तू ते मला कधी जाणवू दिलं नाहीस. म्हणूनच मला ते जास्त जाणवायचं.

मग मंदी आली. आपल्या मालकांचा मुख्य धंदा बांधकामाचा. त्यांचे दोन टॉवर अर्धवट थांबले आणि त्याची झळ क्लिनिकपर्यंत आली. दुबईत अल कुसैसच्या आपल्या बिल्डिंगखाली रोज सामानाचे ट्रक उभे राहायला लागले. सुरुवातीला आपण खाली जाऊन निरोप द्यायचो. नंतर जाणाऱ्यांनाच ते नकोसं व्हायला लागलं. शाळेच्या बसमध्ये ईशाच्या शेजारची जागा एका आठवड्यात दोनदा रिकामी झाली.

एका गुरुवारी दुपारी नबीलने मला केबिनमध्ये बोलावलं. आपला बॉस तसा वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्याने दार लावून घेतलं.

"हबीबी, तुम्ही दोघे आहात. मी एकालाच ठेवू शकतो. रविवारी यादी द्यायचीय. प्रामाणिकपणे सांग, कॅन यू रन इट अलोन?"

विद्या, त्याने तुझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. 'आमच्यापैकी कोण चांगलं चालवेल,' असं त्याने विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, कुणास ठाऊक. त्याने फक्त मला माझ्याबद्दल विचारलं.

मी म्हणालो, "आय कॅन."

ते खोटं होतं. मला एकट्याला ते चालवता येत नव्हतं. तुला येत होतं. केबिनमधून बाहेर आलो तर तू फळ्यावर बत्तीस चौकोन काढत होतास. तू मागे वळून न बघताच विचारलंस, "काय म्हणतोय?" मी म्हणालो, "काही नाही, बजेटचं रडगाणं."

त्या संध्याकाळी नेहमीसारखं तुमच्याकडे जेवण होतं. दर गुरुवारी एकदा तुमच्याकडे, एकदा आमच्याकडे. बाहेरून आलो तेव्हा खाली पार्किंगमध्येच मी बायकोला सगळं सांगितलं होतं. मेधा गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. मग वर आली आणि वहिनींबरोबर स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला उभी राहिली. वहिनींनी मसालेभात केला होता. तू मला आग्रह करकरून वाढलास. मी दोनदा घेतला.

रविवारी अकराच्या सुमारास तू एचआरमधून आलास. हातात पांढरं पाकीट होतं. माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणालास, "खलास." मला रडू कोसळलं. लोक बघायला लागले. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "रडायचं असेल तर नंतर रड, पाटणकर. मला दोनच आठवडे दिलेत. आधी ही यादी समजून घे."

ते दोन आठवडे मला जन्मभर पुरतील. तू रोज सकाळी आठला यायचास, नोकरी गेलेल्या माणसासारखा नाही, परीक्षेला मुलगा बसवायचाय अशा मास्तरासारखा. प्रत्येक जोडणीचं एक पान. काय बदलायचं, कसं तपासायचं, फसलं तर मागे कसं यायचं. एकदा मला काही केल्या समजेना तर तू वैतागून पेन टेबलावर टाकलंस आणि लगेच म्हणालास, "सॉरी. परत सांगतो." मला वाटलं, आत्ता सांगावं. नाही सांगितलं.

व्हिसा रद्द झाल्यावर तुम्हाला महिनाभरात देश सोडायचा होता आणि ईशाची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. मेधा म्हणाली, ईशा आपल्याकडे राहील. तिला व्हिजिट व्हिसावर ठेवून घेतलं. विमानतळावर तू माझे दोन्ही हात धरलेस. "तुझे हे उपकार मी विसरणार नाही," असं म्हणालास. वहिनी बाजूला बॅगांपाशी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटलं, रडताहेत म्हणून असेल.

त्यानंतर नबीलने माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. अपग्रेड पुढे ढकलल्याचा, आणि त्यातली जोखीम मान्य असल्याचा. मी सही केली. तू पुण्याहून एकदा विचारलंस, "अपग्रेडचं काय?"

"इन्शाल्ला, पुढच्या वर्षी."

"आपण इन्शाल्ला कधी म्हणतो ते मला माहितीय रे," तू म्हणालास.

मग मी तुला फोन करणंच सोडलं. ईशा परीक्षा देऊन तिकडे गेली, मग तर कारणही उरलं नाही. जवळजवळ वर्षभर आपण बोललो नाही. तू इंटरव्ह्यू देतोयस, कुठेच जमत नाहीये, हे कुणाकुणाकडून कळायचं. वय शेहेचाळीस, अनुभव जास्त, म्हणून नको म्हणतात. मी ऐकून घ्यायचो आणि विषय बदलायचो.

सपोर्ट संपला. तीन-चार महिने काहीच झालं नाही. नबील मला म्हणालाही, "बघ, उगाच घाबरवत होता तुझा दोस्त." मग लॅबच्या एका मशीनला त्याच्या कंपनीने नवा प्रोग्राम घातला, आणि ते मशीन अधूनमधून असा निरोप पाठवायला लागलं की आपल्या जुन्या पाचला तो गिळताही येईना आणि टाकताही येईना. तो एक अडकला की मागचे सगळे अडकायचे. स्क्रीनवर नुसतं 'पेंडिंग'.

अशाच एका सकाळी मुसफ्फ्याला एका पाइप फिटरला त्याच्या साइटवरच्या लोकांनी उचलून आणलं. हातापायातली ताकद गेलेली. रक्त घेतलं. त्याचं पोटॅशियम भयंकर वाढलं होतं, हृदय कधीही थांबेल इतकं. मशीनने ते वीस मिनिटांत सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या स्क्रीनवर मात्र 'पेंडिंग' दिसत होतं. त्या वाट बघत राहिल्या. तो माणूस वाचला तो लॅबमधल्या लीलाम्मामुळे. तिने रिपोर्ट कागदावर छापला आणि धावत वर घेऊन गेली. मी तिला नंतर विचारलं, तुला कसं सुचलं? ती म्हणाली, "विद्याधर सर टोल्ड मी. रिपोर्ट डेंजर है तो स्क्रीन पे भरोसा नहीं करना, खुद जाना. सर, मैं हमेशा जाती हूँ."

त्या फिटरला मोठ्या इस्पितळात नेलं. मूत्रपिंडं गेली होती. जगला, आणि नंतर कंपनीने त्याला गावी पाठवलं. पुढचं मला माहीत नाही.

मी सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडचा मुलगा फार नम्र होता. "सर, ही आवृत्ती सपोर्टमध्ये नाही. कृपया अपग्रेड करा." चार वेळा केला, चार वेळा तेच. मग क्लिनिकच्या जिन्यात बसून मी तुझा नंबर लावला. वर्षभरानंतर. कसा आहेस हेही विचारलं नाही. नुसतंच म्हणालो, "विद्या, अडकलंय रे."

तुला तेव्हा फोन आपटता आला असता. तू म्हणालास, "लॉग उघड. शेवटच्या वीस ओळी वाच. हळू."

नबीलने अपग्रेडला परवानगी दिली, पण बाहेरचा माणूस घ्यायला नाही. तुला कन्सल्टंट म्हणून घ्या म्हणालो तर म्हणे, ज्याला काढलं त्यालाच परत कसं घ्यायचं, वर काय सांगू? तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "जाऊ दे ते. तू वाचत जा, मी सांगत जातो." आपल्या सिस्टिमला तू हातही लावायचा नाहीस असा नियम होता, म्हणून मी डोळे आणि तू डोकं. शुक्रवार ठरवला. सुट्टी असते, सकाळी ओपीडी बंद, नमाजनंतर लोक येईपर्यंत लॅब थंड. आठ आठवडे आपण दर शुक्रवारी फोनवर तालीम केली. तू तिथे तुझी यादी काढून बसायचास, मी इथे. पुन्हा तोच वाद. मी म्हणालो, आता तरी एकदाच सातवर जाऊ. तू म्हणालास, "नाही. आत्ता फक्त सहा. माणूस मरता मरता वाचलाय."

खऱ्या कामाच्या पहिल्या शुक्रवारी आपण फसलो. तू आधीच बजावलं होतंस, साडेबाराला काम पुरं नसेल तर मागे फिरायचं, 'थोडंच राहिलंय' म्हणायचं नाही. बारा पंचवीसला मी म्हणालो, "विद्या, थोडंच राहिलंय."

"मागे फिर."

"अरे दहा मिनिटं..."

"पाटणकर, मागे फिर." तू ओरडला नाहीस. मी सगळं पुसून पुन्हा पाचवर आणलं. गाडीत येताना तुला शिव्या घातल्या. आठवड्याने कळलं की पुढे गेलो असतो तर अडकलेले सगळे जुने रिपोर्ट गेले असते. कायमचे.

दुसऱ्या शुक्रवारी बारा वाजायला दहा मिनिटं असताना सहा चालू झाला. लीलाम्माने एक खोटा नमुना मशीनमध्ये घातला आणि वर डॉक्टरीणबाईंच्या स्क्रीनवर तो आकडा उमटला. मी ओरडलोच. पलीकडून तुझा आवाज आला, "बाकीचे एकतीस?" ते सगळे एकेक करून तपासून होईपर्यंत तू फोन ठेवू दिला नाहीस. शेवटी म्हणालास, "आज बरं वाटलं रे. फार दिवसांनी."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात फोन कार्डावरची रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, एक मिनिट शिल्लक. मला बरं कारण मिळालं.

रविवारी नबीलने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर कामावरून काढलेल्या माणसाला आतली माहिती वाचून दाखवली म्हणून माझ्यावर आलं असतं. हे खरंच आहे. आणि सोयीचंही आहे.

त्यानंतर काम नसलं तरी शुक्रवारी तुझी रिंग यायची. तुला कुठलीतरी बारीकशी गोष्ट आठवलेली असायची. अमुक फाइल भरत आली असेल, बघ. तमक्या सर्टिफिकेटची मुदत संपत येईल. बहुतेक वेळा तू बरोबर असायचास. कधी कधी मी कंटाळायचो, फोन टाळायचो. हेही तुला सांगायचंय.

तुझ्या घरी मी गेलो तेव्हा ईशाने दार उघडलं. केवढी झालीय. मला आतल्या खोलीत नेलं, तुझं टेबल दाखवलं. पिवळ्या पडलेल्या यादीवर तुझी बारीक अक्षरं, आणि शेजारी नवे कागद, सहावरून सातवर जायचे, अर्धे लिहिलेले. "ही यूज्ड टू वेट फॉर फ्रायडेज, अंकल," ती म्हणाली आणि कागद सारखे करू लागली.

वहिनी बाहेरच्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. नातेवाईक मंडळी कुठेशी गेली होती. मी समोर बसलो. मग म्हणालो, "वहिनी, मला एक सांगायचंय. विद्याची नोकरी गेली तेव्हा..."

"नका सांगू, भावोजी," त्या म्हणाल्या. "मला माहितीय. मेधाने सांगितलं होतं. सामान बांधायला आली होती तेव्हा. खोक्याला चिकटपट्टी लावता लावता रडायला लागली आणि बोलून गेली."

म्हणजे विमानतळावर त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असताना त्या पोटची पोर माझ्या घरी ठेवून गेल्या होत्या.

"विद्याला?" मी विचारलं.

"नाही."

"तीन वर्षं?"

"आधी ईशासाठी गप्प बसले. परीक्षा व्हायची होती, आणि ती तुमच्या घरात होती. इथे आल्यावर सांगणार होते. पण याच्याकडे बघून धीर होईना. सकाळी दहा-दहा वाजेपर्यंत गादीवर पडून असायचा. दाढी नाही, कुणाशी बोलणं नाही. एकदा मला म्हणाला, शुभदा, मी कुणाच्या उपयोगाचा उरलो नाही गं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मग तुमचा फोन आला. त्या शुक्रवारी सहाला उठला. आंघोळ केली, दाढी केली, मला इस्त्रीचा शर्ट मागितला. फोनवर कोण बघणार होतं त्याला? पण तो शर्ट घालून बसला. मग आठवडाभर कागद काढून बसायला लागला. जेवायला लागला. तेव्हाच मी ठरवलं, याला कधीच सांगायचं नाही. सांगितलं असतं तर तुमचा फोन त्याने परत उचलला नसता. आणि मग त्याच्याकडे काय उरलं असतं?"

मी कसंबसं म्हणालो, "वहिनी, तुम्ही माझ्यावर उपकार..."

"तुमच्यावर काही नाही केलं मी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुमच्यासाठी नाही गप्प बसले. मला ते फोन हवे होते. त्याच्यासाठी. आता तो नाही."

विद्या, आता तुला सगळं कळलं. मी केलं ते, आणि वहिनींनी एकट्याने काय पोटात ठेवलं ते. ज्या माणसाने तुला घरी बसवलं, त्याच्याच फोनची तू आठवडाभर वाट बघायचास आणि त्या शेजारच्या खोलीत बसून ऐकायच्या. मी तुला वर्षभर एकही फोन केला नाही. केला तो माझी मान अडकली म्हणून केला. त्या स्वार्थी फोनामुळे तुला काही दिवस अंगावर चांगला शर्ट घालावासा वाटला, याबद्दल मी कुणाचे आभार मानू? तुझे मानतो. तू फोन उचललास. तू मला मागे फिरायला लावलंस. वरच्या मजल्यावर धावत जायला कुणाला तरी शिकवून ठेवलं होतंस.

निघताना मी उठलो. ईशाने ते अर्धे लिहिलेले कागद माझ्यापुढे धरले. मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ते इथेच राहू देत."

मी चपला घातल्या. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, म्हणून मी म्हणालो नाही. वहिनींनी दार लावून घेतलं. सुतक नसतं तरी मला तो शब्द म्हणता आला नसता, आणि तो ऐकायला त्या दारात थांबल्याही नसत्या.